पाना-पक्कड : किलोकिलोनं बांधायचं घर



पिकअप ट्रकवरच्या पॉप-अप कॅम्परचं इंटिरियर घरच्या घरी बदलायचं म्हटलं की बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात. पांढरी कपाटं, लाकडी ओटा, पिवळे मंद दिवे. फोटो छान येतात. पण कॅम्परमध्ये रंग सगळ्यात शेवटी येतो, आणि सगळ्यात आधी येतं वजन. या महिन्यात त्याबद्दलच लिहितोय, कारण गेले सात-आठ महिने मी काकतीत बसून कोलोरॅडोतल्या एका कॅम्परचं काम व्हिडिओ कॉलवर करत होतो.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रकच्या मागच्या हौद्यात बसणारी ही एक खोली असते. प्रवासात तिचं छप्पर खाली बसलेलं असतं, त्यामुळे वारा कमी लागतो. मुक्कामाला पोचलं की छप्पर दोनेक फूट वर उचलायचं. उचललेल्या भागाला जाड कापडी भिंती असतात. पलंग ड्रायव्हरच्या केबिनच्या वर येतो. अमेरिकेत डॉन हॉल यांनी १९५०च्या दशकात हायड्रॉलिकवर वर-खाली होणारा 'अलास्कन' कॅम्पर बनवला. पुढे १९७२ मध्ये सुरू झालेल्या 'फोर व्हील कॅम्पर्स'सारख्या कंपन्यांनी कापडी भिंतींचे हलके कॅम्पर लोकप्रिय केले. हायड्रॉलिक म्हटल्यावर आम्हा बेळगावकरांचे कान टवकारतातच. उद्यमबाग आणि मच्छेच्या शेडमध्ये कितीतरी घरांची चूल त्याच धंद्यावर पेटते.

माझा आतेभाऊ डेन्व्हरजवळ राहतो. त्यानं पंचवीसेक वर्षं जुना असा एक कॅम्पर विकत घेतला. हेतू एकच होता. आत्या आणि आतोबा जूनमध्ये तिकडे जाणार होते आणि दादाला त्यांना डोंगरात चार दिवस न्यायचं होतं. आत्या अडुसष्टची, गुडघे दुखणारी. आतोबा बाहत्तरचे. हॉटेलात उतरायचं झालं तर आत्याचा पहिला प्रश्न असतो, "चहा कुठं करायचा?" त्यामुळे चालतं-फिरतं स्वयंपाकघर तिला पटलं होतं. आता हे घर चौघांना झेपतं का, एवढंच बघायचं होतं.

दारावरचं स्टिकर

अमेरिकेत ट्रकच्या ड्रायव्हरकडचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असू शकतात, म्हणून जाहिरातीतला आकडा धरायचा नाही, आपल्या दारावरचा धरायचा. दादाच्या ट्रकवर १,७२० पौंड होते, म्हणजे ७८० किलो.

ऐकायला भरपूर वाटतं. आता वजाबाकी करू. दादानं ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर आधी रिकामा ट्रक नेला, मग कॅम्पर चढवून नेला. फरक आला ४८० किलो. हे वजन पाण्याची टाकी रिकामी, गॅसची टाकी भरलेली आणि उभं करायचे चारही जॅक काढून घरी ठेवलेले असतानाचं. चार माणसांचे २७५ किलो. शिल्लक राहिले २५.

पंचवीस किलोत चौघांचं पाणी, शिधा, कपडे, अंथरूण-पांघरूण बसवायचं! कॅम्परची पाण्याची टाकी ७५ लिटरची होती. ती भरली असती तर एक कपडा न घेताही ट्रक पन्नास किलोनं जास्त भरला असता. जास्त भरलेला ट्रक लगेच मोडत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतंय की. पण ब्रेक उशिरा लागतो, मागचे टायर तापतात, वळणावर गाडी झुकते. घाट उतरताना या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. शिवाय एकूण आकडा बसला तरी मागच्या आसावर किती येतंय ते वेगळं बघावं लागतं, कारण कॅम्परचा जवळजवळ सगळा भार तिथंच पडतो. काट्याच्या पावतीवर पुढचा आणि मागचा आस वेगळा छापून येतो, तो त्याच स्टिकरशेजारी लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहायचा.

म्हणजे आमच्यापुढचं काम सजावटीचं नव्हतं. आतलं सगळं काढून, तेच काम करणारं पण निम्म्या वजनाचं काहीतरी परत बसवायचं होतं.

काय निघालं, काय बसलं

दादानं निघालेली प्रत्येक वस्तू बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवली आणि मी इथं एक्सेलमध्ये भरत गेलो. जुनी कपाटं ६२ किलो. शिशाच्या दोन बॅटऱ्या ५६. गॅसवर चालणारा जुना फ्रीज २५. गाद्या आणि उशा २४. ओव्हनसकट शेगडी १४. लोखंडी पायाचं टेबल ११. एकूण १९२ किलो.

नवीन बसवलेलं असं: कपाटं २७, लिथियम बॅटरी १२, कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज १४, फोम १९, सोलर पॅनेल ८, वायरिंग आणि फ्यूज बॉक्स ५, पोर्टेबल टॉयलेट ५, टेबल ४, दोन बर्नरची शेगडी ३. एकूण ९७.

वाचले ९५ किलो. आधीचे २५ धरून सामानाला १२० मिळाले. त्यात पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो, शिधा आणि भांडी २५, कपडे माणशी ८ प्रमाणे ३२, पांघरुणं १२. झाले १०९. अकरा किलो हातात राहिले. ते अकरा तसेच ठेवायचे असं ठरवलं होतं, कारण परतीच्या वाटेवर आत्या काही विकत घेणार नाही यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता.

यात सगळ्यात जास्त फरक पडला कपाटांनी. आपल्याकडे फर्निचर म्हटलं की १८ एमएम प्लाय, ही डोक्यात बसलेली सवय. आठ बाय चारचा तसा एक बोर्ड तीसेक किलोचा भरतो. तोच ६ एमएमचा असेल तर दहा-अकरा किलो. मी गावातल्या आमच्या सुतारकाकांना विचारलं. त्यांनी पॉप-अप कॅम्पर जन्मात पाहिलेला नाही, पण उत्तर लगेच दिलं: "फळीला ताकद मागू नका, सांगाड्याला मागा." म्हणजे पट्ट्यांची चौकट उभी करायची आणि तिच्यावर पातळ प्लाय चिकटवायचा. दारं लावायची नाहीत. कपड्यांच्या कप्प्यांना कापडी पिशव्या आणि चेन, भांड्यांच्या कप्प्याला तेवढी घट्ट खटका असलेली झडप. नुसते खिळे चालत नाहीत, कारण गाडी तासन्तास हादरत असते आणि खिळे हळूहळू वर येतात. सांध्याला आधी गोंद, मग स्क्रू.

प्लाय घेताना आणखी एक गोष्ट बघा. २००५ च्या कत्रिना वादळानंतर अमेरिकन सरकारनं बेघरांना राहायला ट्रेलर दिले. त्यात राहणाऱ्यांना डोळ्यांची जळजळ, खोकला, श्वासाचा त्रास होऊ लागला. २००८ मध्ये तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या तपासणीत आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड नेहमीच्या घरांपेक्षा जास्त आढळलं. हा वायू लाकडी बोर्डांच्या गोंदातून सुटतो. २०१० मध्ये त्यावर कायदा झाला आणि आता तिथल्या बोर्डांवर 'टीएससीए टायटल सहा' असा शिक्का असतो. भारतात प्लायवर ई-० किंवा ई-१ असा दर्जा पाहावा. मोठ्या हॉलमध्ये एक टेबल असलं तर फारसा फरक पडत नाही. पण न्हाणीघराएवढ्या जागेत चार माणसं रात्रभर झोपणार असतील तर पडतो.

रांगोळीचा कॅम्पर

कागदावरचा नकाशा आत्याला दाखवून उपयोग नव्हता. सेंटिमीटर ऐकून कुणाचे गुडघे बोलत नाहीत. म्हणून दादाकडून मापं घेऊन मी काकतीच्या अंगणात पांढऱ्या रांगोळीनं कॅम्पर जसाच्या तसा काढला. चाकांवरचे उंचवटे विटा ठेवून, बाकडं स्टुलं लावून, दार म्हणून दोन कुंड्या. शेजारच्या आजी कुंपणावरून विचारत होत्या, "कसली पूजा आहे?"

आत्या आत शिरली, बसली, उठली आणि एका मिनिटात माझ्या ड्रॉइंगमधल्या तीन गोष्टी बदलल्या. बाकाची उंची मी ३८ सेंटिमीटर धरली होती, जुनी होती तेवढीच. तिला ४५ लागली, त्याखाली उठताना तिला हात टेकावा लागत होता. वाढलेल्या उंचीत खाली बॅटरी आरामात बसली. दुसरं, दाराशी उभा पकडदांडा हवा. तिसरं तिनं जरा आवाज खाली करून सांगितलं: "रात्री दोनदा उठावं लागतं रे. अंधारात बाहेर कुठं जाऊ?" नव्या यादीतलं पाच किलोचं टॉयलेट तिथून आलं. मी आणि दादा महिनाभर बोलत होतो, पण हा विषय आमच्यापैकी कुणाच्याही यादीत नव्हता.

केबिनवरच्या पलंगावर चढणं दोघांनाही शक्य नव्हतं. तो दादा-वहिनींना. खाली आडव्या पट्ट्यांचं सरकतं बाकडं केलं. दिवसा ६० सेंटिमीटर रुंद, रात्री पट्ट्या एकमेकींतून ओढून ११५. रेल्वेचे दोन बर्थ शेजारी लावल्यासारखं. चालायची जागा रात्री उरत नाही, पण टॉयलेट पायथ्याशी ठेवलं की कुणाला ओलांडायला लागत नाही.

पॉप-अपची एक अट इथं लक्षात ठेवायची. छप्पर खाली बसतं ती रेघ भिंतीवर आखून घ्या. तिच्यावर काहीही जाता कामा नये, कपाट नाही, दिवा नाही, वरच्या पलंगावरची उशीसुद्धा नाही. म्हणून वर दहा सेंटिमीटर फोम आणि जाड रजईऐवजी वाकळ. आत्यानं जुन्या साड्यांच्या दोन वाकळा इथूनच नेल्या. घडी पातळ, आणि छप्पर बंद करताना काढाव्याही लागल्या नाहीत.

सोलर पॅनेल छपरावर न बसवता घडीचं घेतलं आणि मुक्कामाला जमिनीवर मांडायचं ठरवलं. कारण छप्पर हातानं उचलायचं असतं. वहिनी पाच फुटांच्या आत आहेत आणि वेळ पडली तर त्यांना ते एकटीनं उचलता आलं पाहिजे. छपरावर चढवलेला प्रत्येक किलो रोज दोनदा कुणाच्या तरी खांद्यावर येतो.

वीज, गॅस आणि ओल

विजेचा हिशेब सोपा आहे. फ्रीज दिवसाला सुमारे ४३० वॉट-तास घेतो, हीटरचा पंखा रात्री १००, दिवे, फोन आणि छोटा पंखा मिळून १३० धरा. एकूण ६६०. शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी १,२८० वॉट-तासांची असते, म्हणजे ऊन नसलं तरी जवळपास दोन दिवस निघतात. शिशाची बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची असते, म्हणून तिथं दोन लागत होत्या. दोन पथ्यं पाळा. बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आत मुख्य फ्यूज हवाच. बारा व्होल्टवर करंट जास्त वाहतो आणि घासलेली वायर कपाटामागे पेटू शकते. दुसरं, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नाही. कोलोरॅडोच्या डोंगरात जूनमध्येही पहाट गोठवू शकते, म्हणून बॅटरी आत, बाकाखाली.

गॅसच्या नळीला मात्र दादानं हात लावला नाही. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेतलं आणि गळती तपासून घेतली. सगळं स्वतः करायची हौस मलाही आहे, पण नळीच्या सांध्यापाशी ती थांबते. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा अलार्म खाली. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही, म्हणून त्याचा अलार्म झोपायच्या उंचीजवळ. आणि शेगडी पेटवून खोली ऊबदार करायची नाही, थंडी कितीही असो.

ओल हा विषय आपल्या लोकांना शिकवायला लागत नाही. बेळगावच्या पावसाळ्यात भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे काय उगवतं ते आपण पाहिलंय. कॅम्परमध्ये पाऊस आतून पडतो. चार माणसांचा रात्रभराचा श्वास थंड ॲल्युमिनियमवर आणि गादीच्या खालच्या बाजूला पाणी होऊन बसतो. उपाय आपलेच: कपाट भिंतीपासून बोटभर लांब, गादीखाली हवा खेळेल अशी जाळी, कापडी भिंतीतली खिडकी दोन बोटं उघडी, आणि सकाळी गादी उभी करून वाळवणं. जुना कॅम्पर विकत घेतानाही टोच्यानं कोपरे टोचून पाहा. टोच्या मऊ लाकडात शिरला तर आधी गळती शोधा, मग रंगाचं बघा.

इथं भारतात?

इथले काही वाचक विचारतील, आपल्या पिकअपवर असं करता येईल का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील आणि कंपनीनं मुळात दिलेली रचना यांत तफावत पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. त्यामुळे वाट आहे, पण ती आरटीओच्या खिडकीतून जाते. पहिलं भोक पाडण्याआधी तिथं लेखी विचारा. मान्यता असलेल्या बिल्डरकडून सांगाडा घेऊन आतलं काम स्वतः करणं हा मधला मार्ग आहे. वजनाचा, गॅसचा, ओलीचा हिशेब दोन्हीकडे तोच.

जूनमध्ये काय झालं

निघायच्या आदल्या दिवशी दादानं सगळं भरून, चौघांना बसवून ट्रक पुन्हा काट्यावर नेला. मर्यादेच्या आत ७ किलो. आमच्या हिशेबापेक्षा ४ किलो जास्त भरले होते. दादानं चौकशी केली तेव्हा आत्याच्या पिशवीत भाजणीचं पीठ आणि लोणच्याची बरणी निघाली. ती काढायला सांगायची हिंमत कुणाची नव्हती. आकडा आत होता, चालून गेलं.

पहिला मुक्काम लेडव्हिलजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० मीटरवर. तिथं पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. कुकर तीन किलोचा म्हणून मी तो यादीतून काढायला सांगत होतो, आत्यानं ऐकलं नव्हतं. चौघं वरण-भात जेवले. अहवाल काकतीला फोनवर आला: चेनचा आवाज फार होतो, वरून वहिनींचे पाय दिसतात, पण "बाकावरनं उठायला हात टेकायला लागला नाही बघ."

आतोबा कमी बोलतात. त्यांनी एवढंच सांगितलं, की लग्नानंतर दादाच्या घरी चार वेळा जाऊन आलो, पण त्याच्याशी इतका वेळ कधी बोललो नव्हतो. घरात तो लॅपटॉपवर असतो. इथं सहा पावलांच्या जागेत जाणार कुठं?

तर मंडळी, कुणाच्या ड्राइव्हवेत जुना कॅम्पर उभा असेल तर रंगाचा डबा आणण्याआधी तीन कामं करा. दारावरचं स्टिकर वाचा. कॅम्पर काट्यावर न्या. आणि त्यात झोपणाऱ्यांपैकी वयानं सगळ्यात मोठ्या माणसाला जमिनीवर आखलेल्या मापात बसवून उठवून बघा. रंग कुठलाही द्या, तो पाचशे ग्रॅमपेक्षा जास्त चढला नाही म्हणजे झालं.

पुढच्या अंकात घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीची देखभाल. तोवर पाना-पक्कड जागेवर ठेवा, म्हणजे लागेल तेव्हा सापडेल.